फ्रान्सच्या राजाचं डोकं

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी आमचे वडील फिल्म सांगायचे. म्हणजे दिवसा शाळेत इतिहास शिकवायचे आणि संध्याकाळी ग्वाल्हेर दरबारच्या प्रचार खात्याची गाडी माधवगंजात पडदा लावायची, तेव्हा भोंग्याच्या माइकसमोर उभं राहून इंग्रजी फिल्मचा अर्थ मराठीत आणि हिंदीत सांगायचे.

फ्रान्सची एक फिल्म फार चालली. घोड्यावरची लढवय्यी मुलगी, मग क्रांती, मग पहिल्या महायुद्धातला विजय, आणि लगेच जर्मनांच्या हातून सुटलेल्या पॅरिसच्या रस्त्यात फुलं उधळणारी माणसं. मधे पॅरिस पडलं, तिथलं सरकार जर्मनांपुढे वाकलं, हे फिल्मवाल्यांनीच गाळलेलं. वर दरबारची ताकीद, की क्रांतीत राजाचं डोकं उडवलं हे बोलायचं नाही. वडील गंभीर चेहऱ्याने सांगायचे, राजेसाहेब राज्यकारभारातून निवृत्त झाले. लोक माना डोलवायचे. घरी आल्यावर मात्र वडिलांचा सगळा राग आमच्यावर निघायचा.

पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं. ग्वाल्हेर-इंदूरची खाती एकत्र केली, तेव्हा माणसं जास्त आणि जागा कमी. वडिलांची शाळेतली नोकरी हंगामी, ती गेलीच. प्रचार खात्यात फिल्म सांगणाऱ्याची एक कायमची जागा होती आणि तिच्यासाठी परीक्षा. माझं कॉलेज त्या जागेवर टांगलेलं. आईने देवाला नारळ बोलला. नव्या राज्याची फिल्म अजून तयार नव्हती, म्हणून परीक्षेला तीच जुनी फ्रान्सची लावणार असं कळलं. ती तर वडिलांना तोंडपाठ. आम्ही जागा मिळाल्यासारखेच वागायला लागलो.

परीक्षेत वडिलांनी राजाचं डोकं उडवलं, तेही अगदी तपशीलवार. पडद्यावर फुलं आली तेव्हा म्हणाले, इथे चार वर्षं गाळली आहेत, आणि तीही सांगायला लागले. परीक्षकांत एक जुने सरदार बसले होते. ते म्हणाले, "बस, मास्टरसाब. जितना दिखे, उतना बोलिए." वडील बोलतच राहिले.

यादीत वडिलांचं नाव नव्हतं. मला इतका संताप आला, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आईने जेवायला वाढलं आणि मग विचारलं, "अहो, लढाईत गप्प बसलात, आणि नेमकं पोटावर आलं तेव्हा कशी जीभ सुटली तुमची?"

वडील भात कालवायचे थांबले.

"तेव्हा दरबारचं राज्य होतं," ते म्हणाले. "आता आपलं आलंय म्हणतात. मला वाटलं, आता चालतं."