फूटभर फट

नाशिक रोडला एका क्लासमध्ये मी संगणकावर नकाशे काढायला शिकवायचो, तेव्हाचे हे काका. सिन्नरहून एसटीने यायचे. आयुष्यभर शेतजमिनी मोजल्या, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कार्यालयाने त्यांना माऊस धरायला पाठवलं. बसल्यावर ते आधी माऊस रुमालाने पुसायचे. मग रेघ काढताना ओठांतल्या ओठांत पावलं मोजायचे, बांधावरून चालत असल्यासारखे. दिवसभरात तीन बॅच शिकवल्यावर मला ते बघूनसुद्धा दमायला व्हायचं.

एकदा त्यांच्या नकाशात दोन शेतांच्या मध्ये फट राहिली. संगणकाने तिथे चूक म्हणून लाल ठिपका दाखवला.

"काका, क्लिक करा, रेघा आपोआप जुळतील."

"चूक नाय, सर. तिथं फूटभर जागा हाये. तिच्यापायी दोघं भाऊ बोलत नायत. मी तीनदा मोजलीय."

"स्क्रीनवर फूटभर कुठे दिसतंय?"

"जमिनीवर दिसतं," म्हणत ते बस गाठायला उठले.

मला सगळे नकाशे बिनचूक करून त्याच दिवशी त्यांच्या कार्यालयाला द्यायचे होते आणि वाद घालायचं त्राण नव्हतं. ते गेल्यावर मी क्लिक केलं. ठिपका गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो नकाशा उघडला आणि बराच वेळ बघितला. माऊस पुसला, पुढच्या गावाचा नकाशा काढायला घेतला.

त्यांचे ओठ हलत नव्हते.