मागून चालणारे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांची पाठ पाहिली आहे असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या भुसावळात मिळणार नाही. ते कायम सगळ्यांच्या मागे असतात. सदतीस वर्षं त्यांनी रेल्वेत गार्ड म्हणून काढली, त्यातली बहुतेक मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, आणि निवृत्त झाल्यावर रेल्वेनं त्यांना तिथून उतरवलं तरी ते काही उतरले नाहीत. लग्नाच्या वरातीत ते शेवटी, पंगतीतून उठताना शेवटी, नाट्यगृहातून बाहेर पडताना तर झाडूवाल्याच्याही मागे. मतदानाला सकाळी सातला जातात, पण मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढे सोडत राहतात. त्यामुळे मामा खोलीत शिरले की तिथले अधिकारी घड्याळात न पाहता आवराआवरीला लागतात. एकदा मी विचारलं, "मामा, कधीतरी पुढे जावंसं वाटत नाही?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना रुळांवर आडवं व्हायला सांगितलं होतं. म्हणाले, "जावईबापू, पुढचा माणूस फक्त पुढचं बघतो. कोण सुटलं, कोण राहिलं, ते बघायला कुणीतरी मागे असावं लागतंच ना?"

रेल्वेच्या गाडीला शेवटच्या डब्यावर एक पाटी असते. स्टेशनातून गाडी गेली आणि ती पाटी दिसली, की स्टेशनवाल्याला कळतं, गाडी पुरी आली, वाटेत काही तुटून राहिलं नाही. तशी एक पिवळी पाटी मामांनी स्वतः रंगवून आपल्या पाठपिशवीला टांगली आहे. तिच्यावर काळ्या अक्षरांत 'एल. व्ही.', म्हणजे 'लास्ट व्हेइकल', शेवटचा डबा, असं लिहिलंय. खेड्यातली पोरं त्यांना विचारतात, "बाबा, हाई कोणता पक्ष शे?" आमच्याकडच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. पिशवीत हिरवी झंडी, लाल झंडी, शिट्टी, भर दिवसा लागणार नाही असा टॉर्च आणि एक लांबट वही. ही वही फार महत्त्वाची. नोकरीत गार्डाला प्रत्येक स्टेशनची वेळ लिहावी लागते, आणि उशीर झाला तर त्याचं कारणही लिहावं लागतं. मामांनी ती सवय घरी आणली. त्यांच्या लग्नाचा मुहूर्त चार मिनिटांनी हुकला होता. त्याची नोंद आहे, आणि कारणाच्या रकान्यात 'भटजी' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. मोठ्या मुलीचं बारसं, उशीर पंचवीस मिनिटं, कारण 'आत्या'. रेल्वेत असताना साहेबांनी कितीही दटावलं तरी ज्याच्यामुळे उशीर झाला त्याचंच नाव त्यांनी लिहिलं. दुसऱ्याचा दोष अंगावर घेणं त्यांना खोटं बोलण्याइतकंच वाईट वाटे. "माझ्या वहीत," ते अभिमानानं सांगत, "कारण गार्ड, असं एकदाही सापडायचं नाही."

असा माणूस डोंगर चढायला लागला तर काय होतं, ते मी सांगतो. सातपुड्याच्या रांगेत, यावलच्या वरच्या अंगाला एक डोंगर आहे. बाकीचे डोंगर जेवून लवंडल्यासारखे पसरलेले, आणि हा एकटा ताठ. पायथ्याच्या पाड्यावर त्याला नुसतं 'उभा' म्हणतात. निवृत्त झाल्यापासून मामा दर हिवाळ्यात एकदा उभ्यावर जातात. वाटेची त्यांनी पाच स्टेशनं केली आहेत: जांभूळ, घसरण, बसकी शिळा, कडा आणि माथा. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा. वेळेआधी पोचलं तर वेळ होईपर्यंत निघायचं नाही. सोबत आलेल्या तरुणांना पहिल्या स्टेशनावर याचं हसू येतं, तिसऱ्यावर ते मामांच्या पाया पडायच्या बेताला येतात, कारण तोवर त्यांची फुप्फुसं तोंडाशी आलेली असतात आणि मामा मागून शांतपणे शिट्टी वाजवत, "चाला, मी मांगे शे," म्हणत येत असतात.

चौऱ्याहत्तरावं लागलं तसा मामांचा डावा गुडघा कुरकुरू लागला. मामींनी एका सकाळी भाकरी थापता थापता अट घातली. "बाराच्या आत माथ्यावर पोचलात तर पुढच्या वर्षी जा. बारावर एक मिनिट झालं, तर बूट माझे. मग उभ्याचं नाव काढायचं नाही."

"आणि तुला कळणार कसं?" मामांनी विचारलं.

"वही आहे ना," मामी म्हणाल्या.

सदतीस वर्षं ज्या माणसानं वेळ खरी लिहिली, त्याच्या बायकोला दुसरा साक्षीदार कशाला हवा? आणि मामा निवांत होते. गुडघा कुरकुरला तरी ते साडेअकरापर्यंत माथ्यावर पोचतच असत.

त्या वर्षी त्यांनी मला सोबत नेलं. त्यांची भाची मंदा, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य घालवलेला माणूस. माझी सगळ्यांत मोठी चढाई म्हणजे वरच्या फळीवरचा कोश काढणं. मंदा गेल्यावर मी मेहरूणच्या घरात पुस्तकं उघडून बसायचो आणि संध्याकाळी तेच पान मिटायचो. रडू मात्र आलं नव्हतं. लोक येत, समजूत घालत, जात. मामांनी समजूत घातली नाही. अंत्ययात्रेत ते सगळ्यांत मागे होते आणि स्मशानातूनही सगळ्यांत शेवटी निघाले, एवढंच मला आठवतं. मग एका रविवारी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बूट घ्या. पुढच्या रविवारी उभ्यावर जायचंय." मी म्हटलं, "मामा, मला जमणार नाही." ते म्हणाले, "तुम्हाला फक्त पुढे चालायचंय. बाकीचं मी बघतो."

पायथ्याच्या पाड्यावर एका म्हाताऱ्या तडवीबाबांची चहाची टपरी आहे. आम्हाला पाहताच त्यांनी हाळी दिली, "गार्डसाहेब, औंदा एकच डबा?"

"एकच शे, पण माल जड शे," मामा म्हणाले. तडवीबाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या चहात न विचारता साखर जास्त घातली.

सातला आम्ही निघालो. जांभळापर्यंत मी ठीक होतो. घसरणीवर दोन पावलं वर आणि एक पाऊल खाली असा हिशेब लागला. पायाखालचे खडे सुटून खाली जात आणि मामा मागून त्यांना "या, या" म्हणत बाजूला होत. तोंडानं श्वास घेत, हातांनी गवत धरत मी पावणेअकराला बसक्या शिळेपाशी पोचलो. ही एक सपाट, थोराड शिळा आहे. वर कडा आणि खाली सरळ दरी. पिशवीतून मी मेहरूणची बोरं काढली, मामांपुढे धरली. त्यांनी एक उचललं आणि सहज बोलून गेले, "मंदी सातवीत होती तेव्हा आणलं होतं तिला इथवर. हिच्यावर फतकल मारून बसली. म्हणे, मामा, मी नाही येत, डोंगरालाच सांग खाली यायला. आणि पिशवीतली सगळी बोरं संपवून बिया दरीत फेकत बसली. इथंच."

मी त्या जागेकडे पाहिलं आणि तिथंच बसलो. बसलो तो बसलोच. अकरा महिने जे कुठंतरी अडकलं होतं ते सगळं त्या शिळेवर आलं. पन्नाशी उलटलेला माणूस इतक्या मोठ्यानं रडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मामा जवळ येतील, पाठीवर हात ठेवतील, आणि तसं झालं असतं तर मी लाजून गप्प झालो असतो. पण ते आले नाहीत. बऱ्याच वेळानं मी डोळे पुसून पाहिलं, तर ते दहा पावलं पलीकडे, माझ्याकडे पाठ करून, खालच्या तापीच्या खोऱ्याकडे तोंड करून बसले होते. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला पाठ दाखवली नव्हती, त्यानं ती मला दाखवली, मी मोकळेपणानं रडावं म्हणून. अरुंद पाठ, सदऱ्यावर घामाचा नकाशा, आणि शेजारी पिशवीवर ती पिवळी पाटी.

"मामा," मी विचारलं, "किती वाजले?"

"काबर? तुम्हाले कुठं जायचंय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

मी उठून जवळ गेलो आणि त्यांचं मनगट ओढून घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पंचवीस. चाळीस मिनिटं गेली होती, आणि या चाळीस मिनिटांत त्यांनी एकदाही खाकरूनसुद्धा मला आठवण दिली नव्हती. "मामा, तुम्ही पुढे व्हा! मी येतो सावकाश. बारा वाजतील. मामींची अट..."

"अट मामीची. गाडी माझी," मामा उठत म्हणाले. "गार्ड गाडी सोडून पुढे पळालेला पाहिलाय कधी? चाला. मी मांगे शे."

मग मी चढलो. कसा चढलो ते आता सांगता येणार नाही. कड्यावर जिथं हात लागेल तिथं हात आणि जिथं गुडघा लागेल तिथं गुडघा टेकवत, मामांचा डोंगर वाचवायचा एवढं एकच डोक्यात घेऊन मी माथ्यावर आलो, पिशवीतला मोबाइल काढून वेळ पाहिली आणि ओरडलो, "मामा, अकरा अठ्ठावन्न! पोचलो!"

खालून त्यांचा आवाज आला, "इंजिन पोचलं. गाडी नाही पोचली."

ते कड्याच्या मध्यावर होते. डावा पाय उचलताना दोन्ही हातांनी मांडी धरत होते. मी खाली उतरायला निघालो तर लाल झंडी दाखवून त्यांनी मला जागेवरच थांबवलं. त्यांचं डोकं, मग खांदे, मग ती पिवळी पाटी माथ्यावर आली. मामांनी दम घेतला, घड्याळ पाहिलं आणि वही काढली. मी अक्षरशः हात जोडले. "मामा, अकरा अठ्ठावन्न लिहा. मी होतो ना इथं. खोटं नाही ते."

"शेवटचा डबा आला की गाडी आली," ते म्हणाले आणि लिहिलं. बारा वाजून सात. पुढे कारणाच्या रकान्यातही काही लिहिलं आणि वही मिटली. मग भाकरी आणि भरताचा डबा उघडून ते खुशाल जेवायला बसले, दूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दाखवू लागले, आणि कुठल्याशा धुरकट रेषेकडे बोट करून "ती बघा, आजही उशिरानं चाललीय" असं म्हणाले. मला रेषा दिसली, गाडी दिसली नाही. माझं लक्ष मिटलेल्या वहीकडे होतं. त्या रकान्यात माझं नाव असणार आणि ते खरंच असणार होतं.

संध्याकाळी भुसावळला जेवताना मामींनी चष्मा लावून वही मागितली. "बारा वाजून सात," त्यांनी मोठ्यानं वाचलं. पुढचा रकाना मनात वाचला, आणि पुन्हा वाचला. मग मोठ्यानं म्हणाल्या, "कारण, गार्ड."

मी तोंड उघडलं. शेजारच्या पाटावरून मामांचा गुडघा, कुरकुरणारा तोच, माझ्या मांडीवर आदळला. "जावईबापू, वरण घ्या," ते म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या अट सोडतील. पण इतकी वर्षं एका गार्डाबरोबर संसार केलेली बाई ती. नोंद ती नोंद. त्यांनी बूट उचलले. पुसले, आत कागदाचे बोळे भरले, आणि ओसरीवर ठेवलेल्या मामांच्या नोकरीतल्या लोखंडी पेटीत ठेवून दिले.

यंदाच्या हिवाळ्यात मामींचाच फोन आला. "घेऊन जा त्यांना. पायथ्यापर्यंत. चपला घालून."

तडवीबाबांच्या टपरीवरच्या खाटेवर मामा वही घेऊन बसले. माझ्या पिशवीला त्यांनी ती पाटी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. "आता इंजिनही तुम्ही आणि शेवटचा डबाही तुम्ही," म्हणाले. मी एकटा चढलो. बसक्या शिळेवर दोन मिनिटं थांबलो, चार बोरं खाल्ली, बिया दरीत फेकल्या. माथ्यावरून खाली पाहिलं. ठरल्याप्रमाणे ते हिरवी झंडी हलवणार होते, लाल त्यांनी मला दिली होती. खाली झाडी होती, धुरकं होतं, त्यात हिरवं काय आणि किती शोधणार? मी माझी झंडी बराच वेळ हलवली.

खाली आल्यावर म्हटलं, "मामा, तुमची झंडी दिसली बरं का."

"तुमची काही दिसली नाही," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना अजून जमलेलं नाही. "वेळ कोरी ठेवलीय. तुम्ही सांगाल ती लिहितो."

अकरा वाजून वीस, मी सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, मला उलट काही विचारलं नाही. लिहिलं. दुसऱ्याच्या तोंडची वेळ त्या वहीत ही पहिलीच असावी.

एस.टी. आली. मी सवयीनं पुढे झालो, तर मामांनी माझ्या पिशवीला हात लावून मला थांबवलं. "पाटी तुमच्याजवळ शे," ते म्हणाले, आणि दांडी धरून पायरीपाशी अवघडल्यासारखे उभे राहिले. पुढे जायची सवय नव्हती ना. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

"चाला, मामा," मी म्हटलं. "मी मांगे शे."