अक्काचं क्रिएटिनिन

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. हिमायतनगरच्या शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून ती आम्हा नवरा-बायकोकडेच राहायची. तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तेव्हा तिचं औषधपाणी, खाणंपिणं सगळं मी हातात घेतलं. ते कसं घेतलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दर तीन आठवड्यांनी केमो आणि त्याआधी रक्ततपासणी. त्यात क्रिएटिनिन बघायचे. डॉक्टरांनी समजावलं होतं की हा स्नायूंमधून रक्तात येणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. तो साठायला लागला की किडनी थकली असं धरतात, आणि औषधाचा डोसही त्यावरूनच ठरवतात.

दुसऱ्या वेळी हा आकडा जरा चढलेला आला आणि केमो आठवडाभर पुढे गेली. आदल्या दिवशी अक्कानं शेजारणीनं पाठवलेला बकऱ्याच्या पायाचा रस्सा दोन वाट्या प्यायला होता. "मटणानंही वाढतो कधी कधी. तपासणीच्या आदल्या दिवशी टाळा," एवढंच डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलं. डाळसुद्धा किडनीला वाईट, असं तिथं तिघाचौघांनी सांगितलं. मी मटण, अंडी, डाळ, दूध सगळंच बंद केलं. भात, दुधी आणि साबुदाण्याची पेज.

"आले दरोगा," ताट बघून अक्का म्हणायची. "अरे, जेलमध्येसुद्धा डाळ मिळते."

"किडनीसाठी आहे, अक्का."

"मग किडनीला दे दुधी. मला खट्टी दाल दे."

आकडा उतरत गेला. दर वेळी मी तो ग्रुपवर टाकायचो, आणि हात जोडलेली चित्रं यायची. अक्काला बैठ्या खुर्चीतून माझा हात धरल्याशिवाय उठता येईना. कुकरचं झाकण निघेना. हे मला दिसत होतं. मी त्याचा दोष कॅन्सरला देत होतो.

चौथ्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग अक्काचा दंड हातात धरून बघितला.

"स्नायूच उरले नाहीत, तर क्रिएटिनिन येणार कुठून?" ते म्हणाले. "यावरून किडनी चांगली आहे असं मला म्हणता येत नाही. डाळ, अंडी आजपासून सुरू करा."

त्या दिवशी त्यांनी डोस हात राखूनच दिला आणि पुढच्या वेळेसाठी सिस्टॅटिन सी नावाची तपासणी लिहून दिली. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. कॅन्सरमध्ये तीही अगदी बिनचूक नसते, पण दोन्ही मिळून अंदाज येतो, असं त्यांनी सांगितलं.

त्या तपासणीसाठी नामपल्लीच्या एका लॅबमध्ये वेगळं रक्त द्यायला जायचं होतं. अक्काचे हात सुयांनी काळेनिळे झालेले, शीर सापडायची नाही. म्हणून नेलं नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण सुईचं नव्हतं. नवा आकडा वाईट आला असता तर केमो थांबली असती, आणि मला ती थांबायला नको होती. चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली.

पाचव्या केमोला नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या डॉक्टरांनी त्या रिपोर्टबद्दल विचारलं.

"रक्त दिलंय. रिपोर्ट आज येईल," मी म्हणालो. "क्रिएटिनिन तर छान आहे."

अक्का शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि सुईसाठी बाही वर सरकवली. पूर्ण डोस दिला गेला.

नवव्या दिवशी ताप चढला. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं खाली. ॲडमिट केल्यावर तिथं ती तपासणी झाली. आम्ही धरून चाललो होतो त्याच्या जेमतेम निम्मंच काम किडनी करत होती. औषध अंगात जास्त काळ राहिलं होतं.

"आधीचा रिपोर्ट कुठंय?" रजेवरून परतलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण काही बोलायच्या आत अक्कानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "मीच नक्को म्हणाले, डॉक्टरसाब. सुईचं भ्या वाटतं मला. हा बिचारा मागं लागला होता."

डॉक्टर गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. "अक्का, का?"

"चौतीस वर्षं पोरं शिकवली. खोटं बोलणारा चेहरा मला कळत नाही होय?" तिनं डोळे मिटले. "त्या दिवशी मलाही बोलता आलं असतं. मलाही केमो हवीच होती रे. आता गप बस. तुला अजून या लोकांत राहायचंय."

चौथ्या दिवशी ती गेली. आजार मुळातच पुढे गेला होता, नेमकं कशानं झालं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. अक्कानं तपासणी नाकारली हे त्यांनी माझ्या बायकोलाही सांगितलं, आणि तिच्याकडून ते सगळ्यांना कळलं.

तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो.

"भावानं किती केलं तिचं," एक काकू म्हणाल्या. "पण हट्टी. शेवटी स्वतःच्याच हट्टानं गेली."

मी पुढच्या पानाकडे वळलो.