कुर्बानीचा तुकडा

शहराला समुद्र नाही, तरी क्रांती चौकामागच्या एका टपरीत एक मिस्त्री बोटीची इंजिनं दुरुस्त करतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या कार्यालयाच्या पूरबचाव बोटीचं थाटात उद्घाटन झालं होतं आणि वर्षभरात तिचं इंजिन गंजू लागलं होतं. पावसाळा तोंडावर होता आणि गोदाकाठच्या वस्त्यांना ही एकच बोट. म्हणून मी इंजिन त्याच्याकडे नेलं.

त्यानं आधी इंजिनाच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्यावरचं शेवाळ नखानं खरवडून त्याचा वास घेतला. मग पंख्याच्या वर बसवलेल्या धातूच्या छोट्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"साहेब, ह्याला रंग कुणी दिला?"

"उद्घाटन होतं ना. सगळंच रंगवलं."

"ह्यो कुर्बानीचा तुकडा हाय. पाणी आधी ह्याला खातं, म्हणून इंजिन वाचतंय. रंग दिला की पाणी ह्याला सोडून इंजिनालाच खातंय. तुम्ही ह्यालाच नवरदेव केला व्हय!"

हसत हसत त्यानं पॉलिश पेपरनं तुकडा उघडा केला. बोहल्यावरून उतरवल्यासारखा.

"काम झालं की इंजिन पाण्याबाहेर उचलून ठेवत जा, शेवाळ धरत नाय. अन् पुढच्या टायमाला हार लई घाला, पण ब्रश नका लावू."

श्रावणात गोदावरी चढली. इंजिन दोरीच्या पहिल्याच ओढीत सुरू झालं आणि एक अख्खी वस्ती कोरड्यावर आली. सत्काराला सगळ्यांच्या खांद्यावर शाली पडल्या. मी वाकून काठावर उचलून ठेवलेलं इंजिन पाहिलं. तुकडा बराच झिजला होता. नव्या तुकड्याचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला आणि खाली अधोरेखित केलं : रंगवू नये.