रांगेतली शेवटची घागर

नांदेडहून सुशीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. सकाळची लिंगपूजा आटोपून अक्का भिंतीला टेकली ती टेकलीच. कुणाला हाक मारली नाही. हाक मारण्याची सवय तिला कधीच नव्हती, हवं ते स्वतः उठून घ्यायची. उमरीला तिच्या सासरच्या शेतात, नवऱ्याच्या शेजारी, आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. मी निघालो तेव्हा सुशीनं तिची तांब्याची घागर माझ्या हातात ठेवली. "ही मामाकडं जाऊ दे, असं आईनं सांगून ठेवलं होतं." का, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

त्यानंतर आठवड्याभरानं औशाला शोकसभा झाली. सभा अक्काची, पण बोलणारे माझ्याविषयीच बोलत होते. आताच्या एका तरुण पुढाऱ्यानं तर सांगितलं, "भर दुष्काळात स्वतःचा हौद गावाला खुला करणारे, हातातली सत्ता बहिणीच्या ओटीत घालणारे आप्पा आज आपल्यात आहेत, हे आपलं भाग्य." मी उठलो आणि म्हणालो, "हे खरं नाही." सभागृहात टाळ्या वाजल्या. पुढारी माइकवर म्हणाले, "बघा, याला म्हणतात मोठेपणा." मी पुन्हा तोंड उघडलं तर कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. त्या शालीत गुरफटून बसलो असतानाच ठरवलं, की आता हे लिहूनच काढायचं. लिहिलेल्यावर कुणी शाल टाकू शकत नाही.

अक्का, म्हणजे गिरिजा, माझी मोठी बहीण. मुरुड आणि औशाच्या मधल्या आमच्या गावात आमचा वाडा आणि त्यालाच लागून वडिलांचं किराणा दुकान होतं. तिला उमरीला दिली होती. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो तापानं गेला आणि बहात्तरच्या दुष्काळात ती लहानग्या सुशीला घेऊन माहेरी परत आली. सोबत एक ट्रंक आणि ही घागर. घागरीच्या काठाखाली नवऱ्याचं नाव कोरलेलं आणि पोटाला एक पोचा, मुठीएवढा. रेल्वेतून उतरताना हातातून सुटली होती म्हणे. तो पोचा तिनं कधी काढून घेतला नाही. "ओळखायला बरं पडतं," म्हणायची.

त्या वर्षी गावाला एकच विहीर उरली होती. पाणी रात्रभर झिरपून साठायचं आणि पहाटे बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी तेव्हा विशीतला, कॉलेज अर्धवट सोडून आलेला, अंगात काहीतरी करायची उबळ असलेला पोरगा. एका भांडणात एकीचं डोकं फुटलं, तेव्हा मी विहिरीच्या कठड्यावर चढून नियम सांगितला. संध्याकाळी घागर आणून रांगेत ठेवायची आणि घरी जाऊन झोपायचं. ठेवलेली घागर कुणी हलवायची नाही. घागर म्हणजे माणूसच, असं समजायचं. लोकांनी ऐकलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मी स्वतः रांगेवर लक्ष ठेवायचो आणि आमच्या घरची घागरही त्याच रांगेत, असेल त्या जागी असायची. दुष्काळ सरला, पण रीत राहिली. आमच्या गावात पोरंसोरंसुद्धा रांगेतल्या घागरीला पाय लागला तर हात जोडतात.

त्या एका नियमावर मी सरपंच झालो. खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं मी चांगला सरपंच होतो. बदल झाला तो मला समजला नाही असंही नाही. मल्लूचा मल्लिकार्जुन झाला, मल्लिकार्जुनचा आप्पा झाला. माझ्याहून मोठी माणसं मला आप्पा म्हणू लागली आणि मी ते म्हणू दिलं. मी बोलत असताना लोक मध्ये बोलेनासे झाले. मी विनोद केला की तो नेहमी चांगलाच निघायचा. एक दिवस टंचाईच्या महिन्यात मला तालुक्याला लवकर पोचायचं होतं. माझ्यासोबत फिरणाऱ्या एकानं आमची घागर उचलून रांगेत पहिली ठेवली. "आप्पांची गाडी चुकंल," तो म्हणाला. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. त्या दिवशी गाडी खरोखरच चुकणार होती. दुसऱ्या दिवशी मला कुठंही जायचं नव्हतं आणि घागर पहिलीच होती...

सत्ता माणसाला बिघडवते असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढं मोठे घोटाळे आणतो. माझा अनुभव असा, की ती सुरुवातीला फक्त एक घागर पुढं सरकवते आणि तुम्ही काय करता ते बघते.

अक्कानं तिसऱ्या दिवशी ती घागर उचलून शेवटी नेऊन ठेवली. तिनं तिची स्वतःची घागरही आधीपासून शेवटीच ठेवायची पद्धत घातली होती. मी चिडून विचारलं, "लोकांत माझी शोभा करून राहिलीस का?" ती म्हणाली, "शोभा तू करून राहिलास. मी घागर ठेवून राहिले." त्यावर उपाय म्हणून मी विहिरीवरून पाणी आणणंच बंद केलं आणि वाड्याच्या आवारात सिमेंटचा हौद बांधून तो गाडीनं आणलेल्या पाण्यानं भरू लागलो. कारणही तयार होतं. बाहेरून साहेबलोक येतात, त्यांना पाणी लागतं.

मग लातूर जिल्हा झाला. पूर्वी कामासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालणारे आम्ही, आता कलेक्टर तासाभराच्या अंतरावर आला. गावोगाव मिठाई वाटली, मीही वाटली. खरा आनंद वेगळाच होता. नवा जिल्हा म्हणजे नवी जिल्हा परिषद, नव्या समित्या, नवी पदं, आणि त्यात आपली एक जागा. मी जीप घेतली. हणमंत नावाचा गावातलाच एक जण ती चालवायचा. लातूरला माझा मुक्काम वाढला. कुणाला भेटायचं, कुणाला टाळायचं, कुणाच्या लग्नात किती वेळ थांबायचं, हे मला पाठ झालं. गावात कुणाच्या घरी काय शिजतं, हे मात्र मला समजेनासं झालं.

आणि पुन्हा पाऊस हुकला. टँकर आले. टँकर विहिरीत रिकामा करायचा, असा हुकूम होता. माझ्या शब्दाखातर ड्रायव्हर आधी आमच्या आवारात पाइप सोडायचा, हौद काठोकाठ भरायचा आणि उरलेलं पाणी विहिरीत जायचं. ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत तर काहीच पोचत नसे. तिथली खाजाबी एकदा दुकानात आली होती. सून बाळंत झाली होती आणि तिला आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. मी गादीवर बसून कुणाशी तरी बोलत होतो. म्हणालो, "बघू, उद्या बोलतो." अक्का आत गेली, स्वतःची भरलेली घागर डोक्यावर घेतली आणि खाजाबीबरोबर चालू लागली. तिचं ते पाठमोरं चालणं मी पाहिलं. माझं बोलणं मात्र थांबलं नाही.

त्यानंतर काही दिवसांतच जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी लातूरहून बोलावणं आलं. सकाळी दहाला इच्छुकांनी हजर राहायचं होतं. मी इस्त्रीचे कपडे चढवून बाहेर आलो, तर हणमंत जीपजवळ उभा.

"आप्पा, जीप निघत न्हाई."

"काय बिघडलं?"

"बिघडलं काई न्हाई. घागरी हायेत."

मी फाटकापाशी गेलो. हौदापासून सुरू झालेली घागरींची रांग जीपच्या चाकांसमोरून, फाटकातून, गल्लीभर जाऊन पार मठापर्यंत पोचली होती. पितळेच्या, तांब्याच्या, जर्मनच्या कळश्या, ओढ्यापलीकडचे रॉकेलचे डबेसुद्धा. आदल्या संध्याकाळी, मी कार्यकर्त्यांत बसलो असताना, बायकांनी ती लावली होती. माणूस एकही नव्हतं. नुसत्या घागरी, तोंडं वर करून.

"बाजूला कर," मी म्हणालो.

हणमंतनं हात मागं बांधले. "माझ्या आईची बी हाय त्यात."

"मग आईला बोलाव."

"तिनंच सांगितलंय, घागरीला हात लावू नको म्हणून."

अक्का दुकानाच्या पायरीवर तूर निवडत बसली होती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "अक्का, हे काय?"

"नंबर हाय," तिनं मान वर न करता सांगितलं.

"नंबर विहिरीवर लावतात."

"पाणी जिथं असतं तिथं नंबर लागतो, मल्लू. तूच सांगितलं होतंस कठड्यावर चढून."

कितीतरी वर्षांनी मला कुणी मल्लू म्हणत होतं.

मी स्वतः त्या घागरी हलवू शकलो असतो. लाथेनं दोन उडवल्या असत्या तर जीप निघाली असती. लातूरला तिकीटही बहुधा मिळालं असतं. पण गल्लीतल्या प्रत्येक दारात आता कुणी ना कुणी उभं होतं आणि सगळ्यांची नजर माझ्या पायांवर होती. मला नियम मोडायची भीती वाटली असं नाही. तो तर मी कधीच मोडला होता. आज तो सगळ्यांदेखत मोडावा लागणार होता, एवढाच फरक... ते माझ्याच्यानं झालं नाही. मी बाह्या वर केल्या आणि बादली हौदात सोडली.

पहिल्या घागरी मी रागानं भरल्या. पाणी उडवत, आदळत. खाजाबीची कळशी आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, जरा हळू. सांडून राहिलंय." मी हळू झालो. दहा वाजून गेले, मी घड्याळ बघायचं सोडलं. घागर पुढं यायची, भरायची, कुणीतरी येऊन उचलून न्यायचं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी आभारही मानले नाहीत. नंबर लागलेल्या पाण्याचे आभार कोण मानतं? हौदाचा तळ दिसू लागला तेव्हा शेवटची घागर आली. पोटाला पोचा असलेली. मी आत उतरून तळाचं पाणी तांब्यानं गोळा केलं. घागर निम्मीच झाली.

"निम्मी चालते," अक्का म्हणाली, आणि ती उचलून घरात गेली.

आता जे सांगायचं ते. त्या संध्याकाळी लातूरचा एक वार्ताहर गावात आला होता. गर्दी कशाची, असं त्यानं मला विचारलं. मी ओल्या धोतरानं उभा होतो. म्हणालो, "लोकांचे हाल बघवेनात. हौद खुला केला." दोन दिवसांनी ते छापून आलं. गावातल्या सगळ्यांनी वाचलं. मी अक्काच्या समोर जाणं टाळत होतो, तर तीच आली.

"आता सरपंचकी सोड," ती म्हणाली. "तिकिटाच्या मागं लागू नको."

"लोक काय म्हणतील?"

"तुला जे म्हणवून घ्यायचंय ते सांग लोकांना. बहिणीसाठी सोडली म्हण. मी न्हाई बोलणार, बायाबी न्हाई बोलणार. मी सांगितलंय त्यांना. तुझं नाव तुला ठेव. पाणी मला दे."

असा तो सौदा झाला. माझ्या रिकाम्या जागेवर ती बिनविरोध आली आणि सदस्यांनी तिलाच सरपंच केलं. त्या काळी आमच्या भागात बाई सरपंच म्हणजे लोक बघायला यायचे. बघायला आलेल्यांना ती कामाला लावायची. टँकर विहिरीतच रिकामा होऊ लागला. ओढ्यापलीकडं वेगळी रांग लागली. पाझर तलावाचं काम अडलं होतं. ती बायकांना घेऊन औशावरून एसटीनं लातूरला गेली आणि नव्या कचेरीच्या पायऱ्यांवर रिकाम्या घागरींची रांग लावून बसली. साहेब म्हणाले, "बाई, आत येऊन बोला." ती म्हणाली, "नंबर आला की येते." तलाव झाला. त्यानंतरच्या पावसात तो भरला तेव्हा सगळं गाव बांधावर उभं होतं. खाजाबीनं अक्काला उचलूनच घेतलं होतं आणि अक्का ओरडत होती, "अगं, पाडशील." तिला इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

या सगळ्या काळात तिची घागर रांगेत शेवटीच राहिली. एकदा मी म्हणालो, "आता तू सरपंच आहेस, मग हे शेवटी राहून दाखवायची काय गरज?" तिनं माझ्याकडं बघितलं. "लोकांना दाखवायला न्हाई रे. माझ्यासाठी हाय. मला बी चढंल की. एकाच आईचं दूध पिलोय आपण." मुदत संपल्यावर गाव तिला पुन्हा उभं राहा म्हणून विनवत होतं. तिनं नकार दिला. मला एवढंच म्हणाली, "पहिल्यांदा मी पाण्यासाठी मागितलं होतं. आता मला गोड लागायला लागलंय." आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

माझं नाव मात्र वाढत राहिलं. सत्कार झाले, शाळेच्या पोरांना गोष्ट सांगितली गेली. अक्का समोर बसून ऐकायची आणि टाळ्याही वाजवायची. म्हातारपणी नांदेडला लेकीकडं जाताना मी तिला म्हणालो, "अक्का, एकदा खरं सांगून टाकू का?" ती म्हणाली, "तुला जड झालं की सांग. मला कधी जड झालं न्हाई."

ही गोष्ट पश्चात्तापाची म्हणून लिहायला बसलो होतो, पण लिहिता लिहिता मला आनंदच होतोय. मी हरलो त्या दिवशी गावाला पाणी मिळालं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्याविरुद्ध झाली आणि ती माझ्या बहिणीनं केली.

यंदाही उन्हाळ्यात नळ आटले आणि विहिरीवर घागरी लागल्या. परवा संध्याकाळी मी अक्काची घागर घेऊन गेलो आणि रांगेच्या शेवटी ठेवली. सकाळी काठी टेकत पोचलो, तर एक सूनबाई ती उचलून पुढं नेत होत्या. "आप्पा, तुमच्यासारख्यांनी कशाला मागं राहायचं?"

"ठेव ती," मी म्हणालो. "घागर हलवायची नसते. आणि ही अक्काची आहे. तिची जागा शेवटीच."

त्यांनी ती परत नेऊन ठेवली, पोचा रांगेच्या बाजूला करून. मी घागरीमागं उभा राहिलो. ऊन चढलं, पण नंबर आला आणि पाणी पुरलं. या वेळी घागर काठोकाठ भरली.