फौजीच्या गुडघ्याला माझं लुगडं

माझा थोरला फौजेत. सरावात खंदकावरून उडी मारताना त्याच्या गुडघ्यातली शीर तुटली. ऑपरेशन पुण्यालाच व्हायचं आणि नंबर काही लागेना. आठ महिने लंगडला. त्या आठ महिन्यांचा मला राग आला नाही, बघा. राग आला तो तिथं एका दिवसात ऑपरेशन करायची नवी सोय होऊन त्याचा नंबर लागला तेव्हा. सकाळी आत घेतलं, संध्याकाळी सोडलं. म्हटलं, देशासाठी पाय मोडून घेतला, अन् मेल्यांना एक रात खाट देता येईना?

कळमनुरीला घरी आला, तर गुडघ्यावर नुसत्या दोन चिकटपट्ट्या. नणंद भेटायला आली.

"वहिनी, इत्तंच? ह्याच्याहून जास्त तर न्हावी कापतो!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाणीच मी! जुनं लुगडं फाडलं आणि मांडीपासून पोटरीपर्यंत आवळून बांधलं. ऑपरेशन झाल्यासारखं दिसायला तर पाहिजे.

"आई, उद्यापासून पाय वाकवायचा सांगितलाय. कागद दिलाय. तीन महिन्यांनी तपासणी हाय. पुरा वाकला तरच पलटणीत परत घेतील."

"अन् टाके उसवले म्हंजे? माझ्या गळ्याची शपथ हाय, पाय हलवशील तर!"

कागदावर चित्रं होती. पाय असा वाकवा, असा सरळ करा. अंगठा उठवणारीलाही कळलं असतं. मी चौथी पास. मी तो पिठाच्या डब्याखाली दडवला. गोळीला न भिणारं पोरगं आईच्या शपथेला भ्यालं. महिनाभर खाटेवर. येईल त्याला मी चहा पाजायची आणि ती पट्टी दाखवायची.

सोडली तेव्हा गुडघ्याचं लाकूड झालेलं. मग कागद काढला, तेल चोळलं, रडले. तपासणीत पाय अर्ध्यावर अडला. पलटण सुटली, भांडारात बसवलं.

दवाखान्यावर माझा राग आहेच. सांजेला घरी धाडता, तर पुढचा दवाखाना घरच ना? मग घरच्यांना कुणी काहून सांगितलं न्हाई? पण खरं सांगू? सांगायला कुणी आला असता, तर लुगडं आवळणाऱ्या त्या बाईनं, म्हंजे मीच, त्यालाही चहा पाजून वाटेला लावलं असतं.

अजून पंगतीत तो मांडी घालत नाही. "फौजी असून खुर्ची?" कुणी तरी विचारतंच. तो माझ्याकडं बघतो आणि हसतो. खुर्ची मीच आणून ठेवते. ठेवताना आदळते.