गोधडीचा घास

मंडळाच्या कार्यक्रमात वाटायला म्हणून परवा पोरींनी एक मजकूर आणून दाखवला. त्यात लिहिलंय, सरावलीतल्या कामगार कुटुंबांतल्या महिलांच्या सुप्त कलागुणांना वाव मिळावा म्हणून आपल्या गोधडी मंडळाची स्थापना झाली. मी म्हटलं, खोडा ते. कसले कलागुण आणि कसलं काय. आम्हाला दिवसा घरात बसायची सोय नव्हती, म्हणून आम्ही बाहेर बसलो. बाहेर बसायचं तर हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून सुया घेतल्या. एवढीच स्थापना.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माणदेशातून लग्न होऊन मी थेट बोईसरला, ह्या सरावलीत आले. हे तारापूरच्या एमआयडीसीत, कापड रंगवायच्या कारखान्यात रोलरवर. चाळीत आमची एकच खोली, त्यातच मोरी, त्यातच स्टोव्ह, त्यातच खाट. ह्यांना बहुतेक रात्रपाळीच असायची. सकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि आडवे व्हायचे. मग दुपार कलेपर्यंत घरात भांडं वाजायला नको. स्टोव्हला पंप मारायचा नाही, बांगड्या वर सरकवून ठेवायच्या, कुणी हाक मारली तर दारापर्यंत जाऊन हळूच ओ द्यायची. चाळीतल्या निम्म्या घरांत हीच तऱ्हा.

मुलगी दीड-दोन वर्षांची होती. ती पडली-झडली की मी आधी तिच्या तोंडावर हात ठेवायची, मग कुठं लागलंय ते बघायची. पुढं पुढं ती आपली आपणच ठेवायला लागली. रडू आलं की स्वतःचा तळवा तोंडावर आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. येणारे-जाणारे म्हणायचे, किती शहाणी पोर आहे हो. 

त्यात माझ्या पायाला भिंगरी. माहेरी रान होतं, विहीर होती, दिवसभर हुंदडायला जागा होती. इथं ह्यांचं घोरणं ऐकत भिंतीला टेकून बसायचं म्हणजे जिवावर यायचं. मग पोरीला काखोटीला मारायची आणि निघायची. स्टेशनपर्यंत जायची, उगाच उभी राहायची, परत यायची. आल्यावर पुन्हा निघावंसं वाटायचं.

असंच एकदा भटकून येताना शेजारच्या काकूंनी धरलं. ह्या सोलापूरकडच्या. त्यांचा नवरा आणि मुलगा दोघंही रात्रपाळीला, म्हणजे त्यांना घर असं नव्हतंच. चाळीमागं चिंचेखाली त्या कारखान्यातल्या चिंध्या पसरून गोधडी शिवत बसायच्या. म्हणाल्या, "पोरी, किती चालशील? इथं बस आणि हा कोपरा धर." मी बसले. माझे टाके बघून म्हणाल्या, "हे टाके आहेत का उड्या?" पण उठू दिलं नाही. हळूहळू आणखी बायका आल्या. सातपाटीहून पाटी घेऊन येणारी मासळीवाली मावशीही दम खायला टेकायची आणि जाळं सांधायच्या हातानं चार टाके घालून जायची. एकदा म्हणाली, "आमचं बरं हाय बाय. पुरुष दर्यावर, घर आमचं. तुमचं सगलंच उलटं."

मग एका पहाटे रोलरवर ह्यांना डुलकी लागली. शर्टाची बाही आत ओढली गेली. पलीकडच्या भैयानं मशीन बंद केलं म्हणून हात वाचला. घरी आल्यावर फाटकी बाही माझ्यासमोर धरली. मग म्हणाले, "चिंचेखाली पावसाळ्यात काही बसता येणार नाही. तुम्ही दोघी घरात असलात की मला झोप लागत नाही, आणि झोप नसली की काय होतं ते बघितलंस. दिवाळीपर्यंत काही सोय झाली तर ठीक. नाहीतर तू पोरीला घेऊन गावाला जा. मी मित्रांबरोबर खोली करून राहीन."

त्यांचं चुकत होतं असं नाही, तोच तर राग होता. पण गावाला जायचं म्हणजे वर्षातून दोनदा नवरा बघायचा आणि बाकी संसार पोस्टमनच्या हातानं करायचा. मला ते नको होतं. आता मला कुठूनही एक छप्पर हवं होतं.

चाळीपलीकडं पंचायतीची एक रिकामी खोली होती, पूर्वी खताची पोती ठेवायची. पालघरच्या एका संस्थेच्या बाई अधूनमधून यायच्या, त्यांनी शब्द टाकून दिवाळीपर्यंत किल्ली मिळवून दिली. मुंबईच्या एका दुकानासाठी गोधड्या करा म्हणाल्या. माल चांगला निघाला तर खोली कायमची तुमच्या मंडळाला द्यायला सांगते. मंडळ हा शब्द पहिल्यांदा त्यांनीच काढला.

तो सगळा पावसाळा मी शिवत होते. जीव थाऱ्यावर नसायचा. टाका घालताना दाराकडं बघायचं, पाऊस थांबला का बघायचं, किती झाल्या ते पुन्हा चाचपायचं. काकू ओरडायच्या, "सुई चालव, डोळे नको." पण माझे टाके बारीक झाले ते त्याच पावसाळ्यात. गोधडी पुरी झाली की काकू तिच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवायच्या, वर चौकोनी ठिगळ लावून शिवायच्या. ह्याला घास भरवणं म्हणतात. आमच्याकडंही करतात. कुणी विचारलं नाही की का, आणि कुणी म्हटलं नाही की नको. शिवलेल्या गोधड्या घडी घालून भिंतीशी रचून ठेवत गेलो.

नवरात्रात बाई माल न्यायला आल्या. वरची गोधडी उचलली तर कोपऱ्याला भोक. दुसरीला भोक. सगळ्यांना, बरोबर त्याच कोपऱ्यात.

"ह्यात होतं काय?" बाईंनी विचारलं.

"घास," काकू म्हणाल्या. "भाकरीचा. गोधडीलाही पोट असतं बाई. उपाशी गोधडीखाली माणसाला झोप लागत नाही."

बाई वाईट नव्हत्या. त्यांना हसूही येत होतं आणि वैतागही. म्हणाल्या, दुकानवाला हे हातात तरी घेईल का? मावशी पाटी टेकवून बघत होती. ती म्हणाली, "उंदीर जालं पण सोडत नाय, भाकरी काय सोडणार?" खरं म्हणजे गावाकडं गोधडी शिवली की त्याच रात्री कुणाच्या तरी अंगावर जाते. ती रचून ठेवायची, विकायची असते, हे आमच्या हातांना ठाऊकच नव्हतं. बाई रिकाम्या हातानं गेल्या. आता दिवाळीपर्यंतही नाही, सोमवारीच किल्ली परत द्यायची ठरली.

दुसऱ्या दिवशी हे पाळीवरून आले तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, "मग बांधाबांध कर." पोर खोकत होती, हे कूस बदलत होते, आणि माझं डोकं फिरलं. इतके दिवस खालच्या पट्टीत बोललेलं सगळं एकदम वर आलं. म्हटलं, "दर वेळी आम्हीच का बाहेर जायचं? झोप तुम्हाला हवी ना? मग तुम्ही जा." आणि किल्ली खाटेवर फेकली.

हे उठले. मला वाटलं आता काही खरं नाही. पण त्यांनी उशी काखेत घेतली, किल्ली उचलली आणि गेले. परत आले ते दिवेलागणीला, डोळे सुजेपर्यंत झोपून. कुरतडलेल्या गोधड्या एकावर एक अंथरल्या होत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी काकूंचे दोघं गेले, मग आणखी काही जण. आम्हा बायकांच्या हाती खोली कायमची राहू दे म्हटलं तर सरपंचांना विचार करायला वेळ हवा होता. पुरुष जाऊन भेटले, तर चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. हा राग माझ्या मनात अजून आहे. पण खोली राहिली. दिवसा पुरुष झोपायचे, ते पाळीला निघाले की आम्ही बसायचो. पुढं गोधड्या विकल्याही गेल्या, मंडळाची पाटी लागली, घास मात्र कापडाचा भरवायला लागलो. मी गावाला गेले नाही.

पण त्या पहिल्या दिवसाचं राहिलंच. हे उशी घेऊन गेले आणि घर मोकळं झालं, तर मला काय करावं सुचेना. बांगड्या खाली सोडल्या. स्टोव्हला जोरजोरात पंप मारला. तेवढ्यात पोर उंबऱ्याला अडखळून पडली, आणि पडल्या पडल्या तिचा तळवा तोंडावर गेला. मी तिचा हात धरून खाली घेतला. म्हटलं, "रड, बाळा. मोठ्यानं रड." तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग खाटेकडं. खाट रिकामी होती. तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं.

काकू धावत आल्या. काय झालं, काय झालं म्हणत दारात उभ्या राहिल्या.

"काही नाही काकू," मी म्हटलं. "रडतीय ती."